ओळख परेडीवर उभी राहिलेली शिक्षा कशी तपासायची

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर निकालपत्राची झेरॉक्स घेऊन वकील शोधणारे नातेवाईक बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरुवात करतात: "साक्षीदार खोटं बोलला हो." अपिलात या वाक्याचा फारसा उपयोग होत नाही. ज्याचं आरोपीशी वैर नाही, साधी ओळखही नाही, तो मुद्दाम खोटं कशाला बोलेल, असं न्यायमूर्ती विचारतात आणि मुद्दा तिथेच संपतो. ओळखीच्या पुराव्यातला नेहमीचा घोळ वेगळा असतो. साक्षीदार प्रामाणिक असतो, शपथेवर ठामपणे बोलतो आणि चुकतो. त्या चुकीचं मूळ साक्षीच्या पिंजऱ्यात क्वचितच सापडतं. ते अटक आणि ओळख परेड यांच्या मधल्या दिवसांत असतं. म्हणून अशी शिक्षा तपासायला बसलं की आधी तारखा वाचायच्या, साक्ष नंतर.

आधी थोडी पायाभरणी. साक्षीदाराने ज्याला घटनेच्या वेळी पहिल्यांदाच पाहिलं अशा माणसाला, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या इतरांमध्ये उभं करून "यातला कोण होता" हे विचारणं म्हणजे ओळख परेड. पोलिसांच्या तोंडी ती टी. आय. परेड, आणि सोबत उभे केलेले ते डमी. फिर्यादी आरोपीला आधीपासून ओळखत असेल, म्हणजे तो शेजारी, भाडेकरू किंवा जुना कामगार असेल, तर परेडीची गरजच नसते. कायद्यात तिचा आधार जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ९ मध्ये होता, आता तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७ मध्ये आहे. आरोपीला परेडीत उभं राहायला लावण्याचा न्यायालयाचा अधिकार आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४अ मध्ये होता, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये. नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. अपिलात असलेल्या बहुतेक प्रकरणांच्या कागदांवर जुनेच आकडे दिसतील, म्हणून खाली गरज तिथे दोन्ही दिले आहेत.

इथे एक गोष्ट पक्की धरून चालायची. परेडीतली ओळख हा स्वतंत्र पुरावा नसतो. साक्षीदाराने न्यायालयात शपथेवर केलेली ओळख हा मूळ पुरावा, आणि परेड त्याला फक्त दुजोरा देते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९७० साली उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आणि पुढे कितीतरी वेळा सांगितलं. मग परेड लागतेच कशाला? कारण न्यायालयातली ओळख सर्वांत सोपी असते. आरोपीच्या पिंजऱ्यात दोनच माणसं उभी, शेजारी पोलिस शिपाई. बोट कुणाकडे दाखवायचं हे लहान पोरालाही कळेल. १९७९ साली केरळच्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अनोळखी आरोपीला थेट कोर्टात पहिल्यांदा ओळखणं, त्याआधी परेड झालेली नसेल, तर कवडीमोलाचं. २००३ साली मध्य प्रदेशच्या एका प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने सांगितलं की परेड झाली नाही एवढ्यावरून साक्ष बाद होत नाही. साक्षीदाराने आरोपीला पुरेसा वेळ, जवळून पाहिलं असेल तर नुसती कोर्टातली ओळखही चालू शकते. सरकारी वकील दुसरा निकाल दाखवणार, बचावाचा वकील पहिला. आपलं प्रकरण कुठल्या बाजूला झुकतं ते तपशिलावर ठरतं.

तपशील म्हणजे काय, ते एका कल्पित प्रकरणावरून बघू.

समजा, २०२३ सालच्या ४ मार्चला रात्री दहा चाळीसला तुर्भ्याजवळ, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आडरस्त्यावर तिघांनी एक टेम्पो अडवला. चालक, क्लीनर आणि मागून आलेला एक दुचाकीस्वार असे तिघे साक्षीदार. चाकू दाखवून रोकड आणि मोबाइल नेला. फिर्यादीत वर्णन: "अंदाजे २५ ते ३० वयाचे, मध्यम बांध्याचे, हिंदी बोलणारे तीन अनोळखी इसम." १९ मार्चला तिघांना अटक. २६ मार्चपर्यंत पोलिस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, रवानगी तळोजा मध्यवर्ती कारागृहात. २४ एप्रिलला तिथेच ओळख परेड. तिन्ही साक्षीदारांनी पहिल्या आरोपीला ओळखलं. शस्त्रासह जबरी चोरी, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम ३९७ खाली कमीत कमी सात वर्षं.

आता एक कोरा कागद घेऊन या तारखा उभ्या ओळीत लिहा. घटनेपासून परेडीपर्यंत ५१ दिवस. अटकेपासून ३६. अटकेनंतरचे पहिले सात दिवस पोलिस कोठडीत. या ३६ दिवसांत साक्षीदार पोलिस ठाण्यात किती वेळा येऊन गेले, कशासाठी, आणि आरोपी तेव्हा कुठे बसला होता, हे शोधणं हे तपासणीचं निम्मं काम.

उशीर किती झाला म्हणजे परेड बाद, याचा ठरलेला आकडा नाही. १९८२ साली उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात ४२ दिवसांच्या विलंबावर सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. १९९४ साली राजस्थानच्या एका प्रकरणात तीन महिन्यांचा उशीरही चालला. त्यामुळे "३६ दिवस झाले" एवढंच अपिलात लिहून भागत नाही. उशिराचं कारण कुठल्याच कागदावर नाही, आणि त्या काळात आरोपी साक्षीदारांच्या नजरेस पडण्याची वाट मोकळी होती, हे दोन्ही एकत्र दाखवता आलं तर मुद्दा उभा राहतो. पोलिसांनी तहसीलदार कार्यालयाला परेडीसाठी पत्र कधी दिलं त्याची तारीख पहा. अटकेनंतर तिसऱ्या दिवशी पत्र गेलं आणि तारीखच महिन्याने मिळाली, तर दोष यंत्रणेच्या संथपणाचा. पत्रच १५ एप्रिलला गेलं असेल, तर तपास अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

नजरेस पडण्याच्या वाटा ओळखीच्याच आहेत. साक्षीदाराला "पुरवणी जबाबासाठी" बोलावतात आणि त्याच दिवशी आरोपी समोरच्या बाकावर बसलेला असतो. रिमांडला नेताना चेहरा झाकलेला नसतो. स्थानिक वृत्तवाहिनीवर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरतो. तपास अधिकारीच मोबाइलवरचा फोटो दाखवून विचारतो, "हाच का?" १९९८ साली महाराष्ट्रातून गेलेल्या दोन वेगवेगळ्या अपिलांत सर्वोच्च न्यायालयाने यावरच बोट ठेवलं: एकात साक्षीदारांना आरोपी आधी दिसले होते, दुसऱ्यात फोटो दाखवले गेले होते. अशी परेड झाली काय, न झाली काय, सारखंच.

म्हणून प्रत्येक रिमांड अर्ज आणि त्या दिवसाचा रोजनामा, म्हणजे न्यायालयाच्या कामकाजाची नोंद, काढून पाहायचा. "आरोपीस बुरख्यात हजर केले" अशी नोंद आहे का? पहिल्या तारखेला आहे आणि पुढच्या दोन तारखांना नाही, असं बऱ्याचदा आढळतं. चेहरा झाकून ठेवला होता हे सिद्ध करण्याचं काम सरकार पक्षाचं. तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत याबद्दल एक शब्दही नसेल तर ती सरकार पक्षाची पोकळी आहे, आरोपीने भरून द्यायची नाही.

पुरवणी जबाबाची तारीख तर लाल पेनाने गोल करून ठेवावी. फिर्यादीत "मध्यम बांध्याचे इसम" एवढंच होतं. अटकेनंतरच्या, समजा २१ मार्चच्या, पुरवणी जबाबात अचानक "एकाच्या डाव्या भुवईवर व्रण होता" असं येतं. घटनेला १७ दिवस झाल्यावर, आणि आरोपी दोन दिवस त्याच पोलिस ठाण्यात असताना, स्मरणशक्तीला एवढा बहर कसा आला? असा जबाब वाचताना वर्णनावरून माणूस सापडला की माणसावरून वर्णन लिहिलं, हा प्रश्न डोक्यात ठेवायचा.

परेडीच्या खोलीत

महाराष्ट्रात परेड घेतात ते नायब तहसीलदार, म्हणजे कार्यकारी दंडाधिकारी, किंवा विशेष कार्यकारी अधिकारी. पोलिस ती घेऊ शकत नाहीत. पोलिसांसमोर "हाच तो" म्हणणं हे पोलिसांना दिलेलं निवेदन ठरतं, आणि ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १६२ खाली, नागरिक सुरक्षा संहितेच्या आताच्या १८१ खाली, पुरावा म्हणून चालत नाही. मुंबई राज्यातूनच गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने हे १९५४ मध्ये ठरवून टाकलं.

परेड कशी घ्यायची हे मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये दिलेलं आहे, पहिल्याच प्रकरणात. त्यातल्या अपेक्षा थोडक्यात अशा. एका आरोपीसाठी किमान सहा डमी. दोन आरोपी एकत्र उभे करायचे तर दहा-बारा. एका परेडीत सहसा दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. तिसरा असेल तर त्याची वेगळी परेड, वेगळे डमी. डमी वय, उंची, ठेवण, राहणीमान यांत आरोपीशी मिळतेजुळते. दोन पंच, पोलिसांशी संबंध नसलेले. पोलिसांनी पूर्ण बाजूला व्हायचं. साक्षीदार वेगळ्या खोलीत, जिथून तयारी दिसत नाही. ओळखून झालेला साक्षीदार न झालेल्याला भेटता कामा नये. आरोपीला जागा स्वतः निवडू द्यायची, हवं तर कपडे बदलू द्यायचे, आणि दर साक्षीदारामागे पुन्हा विचारायचं. हे सगळं निवेदनात, म्हणजे मेमोरँडममध्ये, डमींच्या नावापत्त्यांसह उतरवायचं.

मेमोरँडम वाचताना दोन जागी थांबायचं.

पहिली जागा घड्याळाची. आपल्या कल्पित मेमोरँडममध्ये लिहिलंय: सुरू ११.००, समाप्त ११.४०. आरोपी तीन, साक्षीदार तीन. मॅन्युअलप्रमाणे किमान दोन परेडी व्हायला हव्यात, म्हणजे तीन साक्षीदारांचे मिळून सहा फेरे. दर फेऱ्याला साक्षीदार आणणं, त्याला समजावणं, त्याने रांगेवरून नजर फिरवणं, त्याचं बोलणं लिहून घेणं, त्याला दुसरीकडे नेणं, आरोपीला पुन्हा विचारून जागा बदलणं. मध्ये एकदा सगळे डमी बदलायचे. सगळं मिळून ४० मिनिटं, म्हणजे एका फेऱ्याला सात मिनिटंसुद्धा नाहीत, आणि त्यात पंचांना वाचून दाखवून सह्या घेणंही आलं. एकतर सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं, किंवा मजकूर आधीच टाइप होऊन आला. दोन्हींवर अधिकाऱ्याच्या उलटतपासणीत प्रश्न विचारले गेले होते का, ते पहा.

दुसरी जागा डमींच्या तक्त्याची. समजा पहिला आरोपी २४ वर्षांचा, पाच फूट आठ इंच, दाढीवाला, डाव्या भुवईवर व्रण. डमींची वयं: २३, ३१, ३८, २७, ४४, ३५. वर मात्र साचेबद्ध वाक्य: "आरोपीशी मिळत्याजुळत्या शरीरयष्टीचे सहा डमी निवडले." ४४ वर्षांचा माणूस २४ वर्षांच्या पोराचा डमी कसा? २५ ते ३० हे फिर्यादीतलं वय एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरलं तरी रांगेत खरे उमेदवार उरतात चौघे: आरोपी, २३ वाला, २७ वाला आणि ३१ वाला. त्यातला व्रण एकाच्याच भुवईवर. खूण असेल तर ती झाकायची आणि सगळ्यांच्या त्याच जागी तशीच पट्टी लावायची, ही साधी रीत. मेमोरँडममध्ये पट्टीचा उल्लेख नसेल तर ती लावली होती असं नंतर तोंडी सांगण्याला फार वजन नाही.

रांग खरोखर निष्पक्ष होती का, हे अजमावायची एक सोपी चाचणी मानसशास्त्रज्ञ पन्नासेक वर्षं वापरत आले आहेत. ज्यांनी घटना पाहिलीच नाही अशा लोकांना फक्त साक्षीदाराचं वर्णन द्यायचं, रांग दाखवायची आणि "यातला संशयित कोण असेल" असं विचारायचं. सात जणांची रांग चांगली असेल तर उत्तरं सातही जणांत विखुरतील. दहापैकी आठ जण आरोपीकडेच बोट दाखवत असतील, तर साक्षीदाराने काहीही न आठवता तेच केलं असतं. आपल्याकडे परेडीचे फोटो सहसा नसतात, पण तक्त्यातली वयं, उंची आणि खुणा कागदावर लिहून पाच-सहा त्रयस्थांना विचारायला काही हरकत नाही. हा कोर्टात देण्याचा पुरावा नव्हे. अपिलात या मुद्द्यावर किती जोर द्यायचा याचा अंदाज मात्र येतो.

"पण तिघांनीही त्यालाच ओळखलं ना?" निकालपत्रात हे वाक्य हमखास असतं, आणि वरवर ते बिनतोड वाटतं. सात जणांतून एकाने अंदाजाने योग्य माणूस निवडण्याची शक्यता सातात एक. तिघांनी स्वतंत्रपणे निवडण्याची ३४३ मध्ये एक. पण हे गणित तिघे खरोखर स्वतंत्र असतील तरच चालतं. तिघे एकाच पोलिस गाडीतून तळोज्याला आले, तुरुंगाच्या दाराशी एकाच बाकावर तासभर बसले, तिघांनाही भुवईचा व्रण आधीच ठाऊक होता, तर ते तीन साक्षीदार राहत नाहीत. तो एकच साक्षीदार, तीनदा मोजलेला. म्हणून साक्षीदार कुणाबरोबर आले, कुठे थांबले आणि थांबण्याच्या जागेतून त्यांना आत कुणी आणलं, हे मेमोरँडममध्ये, पंचाच्या साक्षीत आणि तुरुंगाच्या दरवाजावरच्या नोंदवहीत ताडून पाहायचं. या तिन्हींच्या वेळा जुळत नाहीत असं निघालं तर अपिलाला एक खरा मुद्दा मिळतो.

आणखी एक बारकावा. साक्षीदार रांगेसमोर जाऊन काय म्हणाला? "याला ओळखतो" एवढंच लिहिलं असेल तर ती अर्धीच ओळख. चाकू लावणारा तो होता, खिशात हात घालणारा होता की दुचाकीवर बसून राहिलेला, हे तिथेच नोंदवलं जायला हवं. तिघांचं काम वेगळं आणि शिक्षा कलम ३९७ खाली. हे कलम प्रत्यक्ष शस्त्र वापरणाऱ्यालाच लागतं, त्यामुळे चाकू कुणाच्या हातात होता यावर सात वर्षांचा प्रश्न लटकलेला असतो.

माणूस चुकतो तो कसा

रात्रीचा अंधार, चाकूचं पातं आणि वीस-तीस सेकंद. चाकू समोर असला की डोळे चेहऱ्यापेक्षा पात्याला चिकटतात, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. घटनास्थळ पंचनाम्यात पथदिवा कुठे होता, किती अंतरावर, चालू होता का, याची ओळ आहे का पहा. अनेकदा नसते, आणि साक्षीत मात्र "लाइटच्या उजेडात स्पष्ट पाहिलं" असं येतं.

रांगेसमोर उभा राहिलेला माणूस "हा तो आहे का" असा विचार कमी करतो. "यांतला सगळ्यांत जास्त तसा कोण दिसतो" असा जास्त करतो. खरा गुन्हेगार रांगेत नसला तरी सगळ्यांत जवळचा दिसणारा कुणीतरी असतोच. म्हणून साक्षीदाराला आधी सांगायला हवं की तो माणूस यात असेल किंवा नसेलही. मेमोरँडममध्ये हे वाक्य शोधा. आणि परेडीनंतर कुणी "बरोबर ओळखलंत" म्हटलं की खात्री वाढते. मूळ आठवण होती तेवढीच राहते. दोन-तीन वर्षांनी बेलापूरच्या कोर्टात साक्ष देताना त्याच्या डोळ्यांपुढे तुर्भ्याचा रस्ता नसतो, तळोज्याची ती रांग असते. साक्षीदाराची कोर्टातली खात्री म्हणूनच फार हलक्या हाताने मोजावी. अमेरिकेत डीएनए तपासणीने निर्दोष ठरलेल्या कैद्यांपैकी दोन-तृतीयांशांच्या आसपास प्रकरणांत प्रत्यक्षदर्शीने चुकीचा माणूस ओळखला होता. तिथेही साक्षीदार खोटारडे नव्हते.

महाराष्ट्रातली दोन प्रकरणं

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एक अत्यंत निर्घृण गुन्हा घडला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना त्यात शिक्षा झाली आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांसाठी फाशी ठरवली. पुढे फेरविचारात तो निकाल मागे घेऊन अपील नव्याने ऐकलं गेलं, आणि ५ मार्च २०१९ रोजी सगळे निर्दोष सुटले. एक कागद दडवला गेला होता. घटनेनंतर दोनच दिवसांनी वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्यांचा पुढे तपास झाला नाही आणि ते जबाब न्यायालयापुढे आलेच नाहीत. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तोवर सोळा वर्षं गेली होती. यातून कामाची गोष्ट इतकीच: कुणाला ओळखलं याइतकंच कुणाला आधी ओळखलं होतं हेही शोधायचं. दोषारोपपत्राच्या साक्षीदार यादीत नसलेले पण स्टेशन डायरीत आलेले जबाब, दुसऱ्या संशयितांची चौकशी, आधी पकडून सोडून दिलेली माणसं, यांची विचारणा करायची.

दुसरं ताजं. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात, ज्यातला एक स्फोट आपल्याच ठाणे जिल्ह्यात मीरा रोड-भाईंदर दरम्यान झाला, मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी सर्व बारा आरोपींच्या शिक्षा रद्द केल्या. इतर अनेक कारणांबरोबर ओळख परेडही बाजूला पडली, कारण ती घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला त्या वेळी अधिकारच नव्हता. साक्षीदार शंभराहून जास्त दिवस गप्प होते, तेही न्यायालयाला पटलं नाही. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर प्रकरणांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत जायला सांगितलं नाही. म्हणजे या निकालाचा हवाला अपिलात द्यायचा नाही. पण परेड घेणाऱ्याची नेमणूक त्या तारखेला चालू होती का, हे राजपत्रात पाहायला कुणाच्या दाखल्याची गरज नाही.

अपील प्रत्यक्षात

परेड सदोष निघाली म्हणून आरोपी आपोआप सुटत नाही. ती गळून पडते, दुजोरा जातो, आणि मग न्यायालय बघतं की उरलं काय. लुटीचा मोबाइल आरोपीच्या सांगण्यावरून जप्त झाला असेल, बोटांचे ठसे जुळत असतील, सीसीटीव्हीचं चित्रीकरण रीतसर प्रमाणपत्रासह सिद्ध झालं असेल, तर शिक्षा टिकू शकते. ओळखीशिवाय दुसरं काहीच नसेल, किंवा जप्तीचे पंच फितूर झाले असतील, तर बाजू खरी मजबूत. निकालपत्र हातात आल्यावर आधी हेच करावं: परेडीचे सगळे परिच्छेद पेन्सिलने खोडा आणि उरलेलं वाचा.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस, फाशी असेल तर ३०. दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, आणि कारण दाखवून विलंब माफही होतो. तुरुंगातल्या माणसाला याबाबत न्यायालयं सहसा सांभाळून घेतात. निकालपत्राची एक प्रत आरोपीला लगेच आणि मोफत मिळायलाच हवी (फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम ३६३, नागरिक सुरक्षा संहितेचं नवं ४०४; पुढचे आकडेही याच दोन संहितांचे). अपील तुरुंग अधीक्षकांमार्फतही पाठवता येतं (३८३, आता ४२४). सोबत शिक्षा स्थगितीचा अर्ज (३८९, आता ४३०).

नक्कल अर्जात मोघम "सर्व कागदपत्रं" लिहू नये, निशाणी क्रमांकासह, म्हणजे खटल्यात कागदाला दिलेल्या क्रमांकासह, मागावी. फिर्याद, परेडीचं मेमोरँडम, अटक पंचनामा, तिन्ही साक्षीदारांची सरतपासणी (सरकारी वकिलाने घेतलेली) आणि उलटतपासणी (बचावाच्या वकिलाने घेतलेली), परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याची आणि तपास अधिकाऱ्याची साक्ष, आरोपीचा ३१३ चा जबाब (आता ३५१), म्हणजे पुराव्याबद्दल न्यायाधीशांनी विचारलेल्या प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरं, सगळे रिमांड अर्ज आणि रोजनामा. पोलिसांपुढचे मूळ व पुरवणी जबाब आरोपीला दोषारोपपत्रासोबत मिळालेल्या संचात असतात. तो संच घरात कुठेतरी गाठोड्यात सापडतो, फेकू नका.

३१३ च्या जबाबाकडे लोक दुर्लक्ष करतात. परेडीचा पुरावा आरोपीच्या तोंडावर प्रश्न म्हणून ठेवलाच नसेल, तर तो त्याच्याविरुद्ध वापरण्यावर आक्षेप घेता येतो.

अनेक चांगली अपिलं ज्या खड्ड्यात पडतात तो इथेच सांगायला हवा. पहिल्या जबाबात व्रणाचा उल्लेख नाही, साक्षीत आहे. ही गाळलेली बाब साक्षीदाराला उलटतपासणीत दाखवून विचारली पाहिजे, आणि नंतर तपास अधिकाऱ्याकडून "असं त्याने तेव्हा सांगितलं नव्हतं" हे वदवून घेतलं पाहिजे. दोनपैकी एक पायरी खालच्या कोर्टात राहिली तर उच्च न्यायालय तो फरक विचारात घेत नाही, मग तो कागदावर कितीही ढळढळीत दिसो. अशा वेळी जास्तीचा पुरावा घेण्याची (३९१, आता ४३२) किंवा साक्षीदाराला परत बोलावण्याची मागणी करता येते, पण ती अपवादानेच मान्य होते. मागणी नेमकी हवी: कुठला कागद, तो आधी का आला नाही, त्याने काय बदलेल.

आरोपीने परेडीला नकार दिला होता, आणि निकालपत्रात ते त्याच्याविरुद्ध धरलंय? २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परेडीत उभं राहणं हे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, त्यामुळे नकाराचा हक्क नाही. तरी नकाराच्या वेळी कारण काय दिलं हे महत्त्वाचं. "मला आधीच दाखवलंय, माझा फोटो काढलाय" असं त्याने दंडाधिकाऱ्यापुढे त्याच दिवशी म्हटलं असेल, तर ती ओळ नकारापेक्षा मोठी ठरू शकते.

कोठडीत असलेल्या कुणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ठाण्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, उच्च न्यायालयासाठी तिथली विधी सेवा समिती, आणि फोनवर १५१००. वकील बदलला तरी वरचा तारखांचा कागद त्याच्या हाती द्या. हजार पानांच्या पेपर बुकातून, म्हणजे अपिलाच्या कागदांच्या बांधीव संचातून, तो स्वतः काढायला त्याला आठवडा लागेल.

उच्च न्यायालयानंतरची वाट अरुंद आहे. सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी अर्ज ९० दिवसांत, त्यानंतर फेरविचार ३० दिवसांत. सही झालेला निकाल तेच न्यायालय पुन्हा उघडू शकत नाही (३६२, आता ४०३), लेखनिकी चूक सोडून. इंग्लंडमध्ये सगळी अपिलं संपल्यावरही संशयास्पद शिक्षा तपासून परत अपील न्यायालयाकडे पाठवणारा स्वतंत्र आयोग १९९७ पासून आहे. आपल्याकडे तसं काहीच नाही. उरतो तो राज्यपालांकडचा किंवा राष्ट्रपतींकडचा अर्ज. तो केवळ दयेचा असतो असा समज आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केलंय की राष्ट्रपती पुरावा स्वतः तपासून न्यायालयापेक्षा वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात. म्हणून त्या अर्जालाही मेमोरँडम, पहिला जबाब आणि तारखांचा कागद जोडायचा, आणि अर्ज तुरुंग अधीक्षकांमार्फत पाठवला तर जावक क्रमांक लिहून घ्यायचा.